ताज्या फळ्यांतला भुंगा मारायचाय? मे महिन्याचं ऊन वाया घालवू नका

उन्हाळ्यात बांधावरचा आंबा, बाभळ, सुबाभूळ तोडून मिलवर फळ्या पाडून आणतेत आपल्याकडं बरेच जण, आन् तशाच भिंतीला टेकवून ठेवतेत. दिवाळीला बघावं तर खाली मैद्यासारखा भुगा. आमच्या आंब्याच्या फळ्यांचं असंच झालं, हातानं ठोकलं की टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांतून पीठ गळायचं, वरून धड दिसणारी फळी अंगठ्यानं दाबली की आत जायची. हे काम भुंग्याच्या अळीचं, ती लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागातल्या पिष्टावर जगते, लाल गाभ्याला सहसा लागत नाही, म्हणून पांढरा भाग जमेल तेवढा मिलवरच काढून घ्या.

उरलेल्याला उष्णता द्या. परदेशात माल ज्यातून जातो त्या लाकडी पेट्यांना नियम आहे, लाकडाच्या मधोमध ५६ अंश सलग ३० मिनिटं, तो धरून चला, मी तर ६० च्या वरच नेतो आणि काही तास ठेवतो. आता उन्हात टाकलं की झालं असं वाटतं, परभणी-नांदेडला पारा ४३ च्या पुढं जातोच ना, पण ओलं लाकूड माठासारखं असतं, पाणी उडत राहतं तोवर आत गारच, वरून तडकतं आन् आतली अळी जिवंत राहते. म्हणून झाकायचं. खाली काळा मल्चिंग पेपर, त्यावर विटा, फळ्यांच्या दोन थरांमधी इंचभर जाडीच्या पट्ट्या, वरून पारदर्शक पॉलिहाऊसचा पेपर, कडा मातीनं दाबून टाका. ढिगाच्या मधल्या फळीला काठाकडून निम्म्यापर्यंत भोक पाडून वायरवाल्या डिजिटल थर्मामीटरचं टोक आत घाला, भोक चिखलानं बुजवा, दुपारी आकडा बघा. ५६ दिसला नाही तर तो दिवस धरूच नका.

इंचभर फळीला हे जमू शकतं, चार इंची वाशाला ऊन पुरत नाही. हिंगोली-वसमतकडं हळद शिजवायचा बॉयलर ज्यांच्याकडं हाये त्यांनी हळद झाली की त्याची वाफ जाड ताडपत्रीखाली रचलेल्या वाशांत सोडून बघा, ओली उष्णता कोरडीपेक्षा लवकर आत जाते आन् लाकूड तडकतही नाही. एक कोपरा उघडा ठेवा, वाफ कोंडू देऊ नका, पोरंबाळं लांब. थर्मामीटर इथंही पाहिजेच.

एक मात्र ध्यानात घ्या, उष्णतेनं आतलं मरतं पण पुढं संरक्षण काहीच राहत नाही, भुंगा परत येऊन अंडी घालू शकतो. म्हणून १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून सगळ्या बाजूंनी, कापलेल्या टोकांना तर दोनदा, ब्रशनं लावा, सावलीत वाळवा, पावसात ठेवलं तर धुऊन जातं. पोळपाट-काठवटीच्या लाकडाला हे लावू नका. आन् भुगा पडणारं जुनं लाकूड, किडलेल्या बांबूच्या कणग्या त्याच खोलीत अजिबात ठेवू नका, नव्या फळीत भुंगा तिथूनही येतो.