सिस्टिम कॉलने परत दिलेलं उत्तर वाया घालवू नका

सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगितलेलं काम. त्याच्या उत्तराबद्दल '−१ आलं तर एरर, नाहीतर सगळं ठीक.' सी शिकवणारे बहुतेक जण एवढ्यावरच थांबतात. यातलं 'नाहीतर सगळं ठीक' खोटं आहे, आणि त्यात माझे दोन दिवस गेले आहेत.

आधी मॅन पेजमधला (कॉलच्या माहितीपानातला) 'रिटर्न व्हॅल्यू' हा भाग वाचा, प्रत्येक कॉलचा वेगळा. ओपन चुकला की −१ देतो. फाइल मेमरीत जोडणारा एममॅप मॅप_फेल्ड देतो, नल (रिकामा पॉइंटर) नव्हे. थ्रेड हाताळणारी पीथ्रेडची फंक्शन्स एररचा आकडा थेट हातात ठेवतात, तिथे एररनो (फसलेल्या कॉलचा एरर-क्रमांक जिथे मिळतो ते व्हेरिएबल) बघून उपयोग नाही.

रीड आणि राइटचं उत्तर ऋण आकडाही धरणाऱ्या एसएसाइझ_टीमध्ये घ्या. ऋण आकडा न धरणाऱ्या साइझ_टीमध्ये घेतलंत तर −१ चा अवाढव्य धन आकडा होतो आणि 'शून्यापेक्षा कमी आहे का' ही तपासणी कधीच लागू पडत नाही.

कॉल फसला की एररनो लगेच वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढून ठेवा. मध्ये एक प्रिंटएफ आला तरी तो बदलू शकतो.

आता राइट, म्हणजे बाइट लिहिणारा कॉल. माझा प्रोग्रॅम नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवरून (जागा नसेल तर कॉल थांबून न राहणाऱ्या नेटवर्क जोडणीवरून) फाइली पाठवायचा. लहान फाइली नीट पोचत, मोठ्या मधूनच तुटत. −१ एकदाही आलं नव्हतं. शेवटी एसट्रेस (strace, सिस्टिम कॉल आणि त्यांची उत्तरं दाखवणारं साधन) लावला: द्यायला सांगितले ६५५३६ बाइट, परत आलं ४३४४०. कर्नलने जेवढं मावलं तेवढं घेतलं आणि तसं प्रामाणिकपणे सांगितलं. मीच ऐकलं नव्हतं.

म्हणून राइट नेहमी लूपमध्ये. जेवढे बाइट गेले तेवढा पॉइंटर पुढे, तेवढीच लांबी कमी, शून्य उरेपर्यंत. पॉइंटर न सरकवता तोच कॉल पुन्हा करणारी 'दुरुस्ती' मी इतक्यांदा पाहिली आहे की आता चीड येते. तिने तुटलेली फाइल जुळत नाही, सुरुवातीचा मजकूर दोनदा जातो.

−१ सोबत एररनोमध्ये ई-इंटर (EINTR) आला तर मध्येच सिग्नल (प्रोग्रॅमला मिळणारी सूचना) आला होता; पुन्हा कॉल करा. 'माझा सॉकेट ब्लॉकिंग आहे, मला लूप कशाला' असं म्हणू नका. काही बाइट गेल्यावर सिग्नल आला तर ई-इंटर येत नाही, अपुरा आकडा येतो. ई-अगेन (EAGAIN, म्हणजे सध्या जागा नाही) आला तर लगेच फिरू नका, पोल या सॉकेट तयार होईपर्यंत थांबणाऱ्या कॉलवर थांबा. नाहीतर एक कोअर नुसता गरगरत बसेल.

रीडमध्ये ० म्हणजे फाइल संपली किंवा समोरच्याने लिहिणं बंद केलं. ती एरर नव्हे.

क्लोजचं उत्तरही तपासा, कारण आधीच्या राइटची चूक कधी कधी तिथे उघडी पडते. पण लिनक्सवर क्लोजने ई-इंटर दिला तरी तो पुन्हा बोलावू नका. डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) तोवर सुटलेला असतो. तोच आकडा एव्हाना दुसऱ्या थ्रेडला मिळाला असेल, तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल.