आधी तास मोजा, मग यादी करा

सकाळी पंधरा कामं लिहायची, रात्री त्यातली पाच खोडायची आणि उरलेली दहा उद्याच्या पानावर उतरवायची, असं माझं कित्येक वर्षं चालू होतं. दोष मी आळसाला देई. एकदा सहज बेरीज करून पाहिली, तर त्या पंधरा कामांना अकरा तास लागणार होते आणि माझ्याकडे मोकळे होते जेमतेम तीन. म्हणजे यादी सकाळीच फसलेली होती. अंथरूण केवढं आहे हे न बघताच पाय पसरले होते.

पायरी १ : हातात किती वेळ आहे ते काढा

उद्याचे २४ तास घ्या. झोप, नोकरी, जाणं-येणं, अंघोळ-जेवण, घरातलं रोजचं, लहानांचं-मोठ्यांचं करणं, सगळं वजा करा. उरेल तो आकडा पानाच्या वर लिहा. दोन तास उरले तरी पुष्कळ समजा. त्यातलाही पाव भाग मोकळाच ठेवा. अचानक येणारे फोन आणि माणसं तो खाणारच आहेत.

पायरी २ : डोक्यातलं कागदावर

आता कामं लिहा. प्रत्येक ओळीत नेमकी कृती हवी आणि ती एका बैठकीत उरकणारी हवी. नुसतं ‘विमा’ लिहिलं की ते महिनाभर तसंच पडून राहतं. ‘विम्याच्या हप्त्याची तारीख बघणे’ पाच मिनिटांत होतं. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांना २०११ मधल्या प्रयोगांत असं आढळलं, की अर्धवट काम कधी आणि कसं करायचं हे ठरवलं तरी त्याचं मनात घोळणं कमी होतं. काम संपेपर्यंत थांबावं लागत नाही.

पायरी ३ : प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहा

खरी गोम इथे आहे. आपले अंदाज चुकतात आणि जवळजवळ नेहमी एकाच बाजूला चुकतात. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले साधारण ५५. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही तोकडा पडला.

असं होतं, कारण अंदाज करताना आपण काम सुरळीत चाललेलं डोळ्यांसमोर आणतो. मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवत नाही. अर्ज भरायला दहा मिनिटं पुरतात, पण जुनी पावती सापडायला अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास अंदाजात कधीच नसतो. म्हणून ‘किती वेळ लागेल?’ असं न विचारता ‘मागच्या वेळी किती लागला होता?’ असं विचारा. आठवडाभर अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी-शेजारी लिहा. माझं जवळपास दीडपट निघालं. तेव्हापासून मी चाळीस मिनिटांच्या कामाला तास धरतो.

पायरी ४ : आता निवडा

मिनिटांची बेरीज वरच्या आकड्यापेक्षा जास्त भरेल. काय गाळायचं? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मधल्या एका भाषणात निकडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला होता, तोही दुसऱ्या कुणाचं तरी वाक्य म्हणून. त्यावरून पुढे, काम निकडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही हे बघून ते चारपैकी एका चौकोनात टाकायची प्रसिद्ध पद्धत निघाली. चौकोन आखायला माझी ना नाही, पण घरच्या कामांना दोन प्रश्न पुरतात : आज नाही केलं तर उद्या काय बिघडेल? आणि कधीच नाही केलं तर? दुसऱ्याचं उत्तर ‘काही नाही’ असेल, तर ती ओळ खोडा. पहिल्याचं ‘काही नाही’ पण दुसऱ्याचं ‘बरंच’ असेल (दातांची तपासणी, जुन्या फायलींची प्रत काढून ठेवणं), तर त्या कामाला आत्ताच वार आणि वेळ द्या. अशी कामं ओरडत नाहीत, म्हणूनच राहून जातात.

पायरी ५ : दिवसात बसवा

डोकं लागणारं काम तुम्हाला तरतरी असते त्या वेळी. फोन, बिलं, निरोप वगैरे एकगठ्ठा, एकाच बैठकीत. हात लागतच नसेल तर २५ मिनिटांचा गजर लावून बसा.

पायरी ६ : रात्री पाच मिनिटं

राहिलेलं काम पुढच्या पानावर उतरवताना त्याच्यापुढे एक टिंब द्या. तीन टिंबं झालेलं काम तसंच उतरवायचं नाही. त्याचा लहान तुकडा करा, दुसऱ्या कुणाला सांगा, नाहीतर सोडून द्या. आणि कुणाला ते करायचा शब्द दिला असेल, तर त्याच रात्री ‘मला जमणार नाही’ असं कळवून टाका. तो बिचारा वाट बघत असतो.