रोलाँ बार्थ वाचायला घेताना

चिन्हमीमांसेकडे, म्हणजे शब्द, चित्रं, वस्तू यांतून अर्थ कसा तयार होतो या अभ्यासाकडे, वळणाऱ्याला सहसा असा क्रम सांगतात: आधी भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर, मग फ्रेंच समीक्षक बार्थचं १९६४चं ‘एलिमेंट्स ऑफ सेमिऑलॉजी’, मग बाकीचं. कागदावर तो बिनचूक आहे, पण त्यात निम्मी वाट सरायच्या आत कंटाळा येतो. एम.ए.ला मी उलटीकडून शिरले आणि आजही तोच रस्ता सांगते. आधी बार्थचंच १९५७चं ‘मिथॉलॉजीज’ घ्या. कुस्ती, कपडे धुण्याची पावडर, सित्रोएनची नवी गाडी असल्या विषयांवरचे छोटे छोटे लेख आहेत. सगळा सिद्धांत शेवटच्या लांब लेखात येतो, तोवर तुम्हाला बार्थची नजर कळलेली असते. एक मात्र पाहा: १९७२चा इंग्रजी अनुवाद निवडक लेखांचाच आहे, पूर्ण पुस्तक इंग्रजीत २०१२ला आलं. ग्रंथालयात बहुधा जुनाच हाती पडतो.

त्यानंतर पान्झानी या पास्ता कंपनीच्या जाहिरातीवरचा त्याचा १९६४चा लेख. माझ्या मते नवख्यासाठी याहून चांगला धडा नाही. अर्धवट उघडी जाळीची पिशवी, तिच्यातून बाहेर आलेली पास्त्याची पाकिटं, टोमॅटो, कांदे, ढोबळ्या मिरच्या. आत्ताच बाजारातून आल्यासारखा ताजेपणा पिशवीतून जाणवतो. टोमॅटो-मिरची आणि पिवळा, हिरवा, लाल हे रंग मिळून ‘इटालियनपणा’ उभा करतात. पण हा इटालियनपणा फ्रेंच माणसाच्या डोक्यातला आहे, इटलीतल्या माणसाला तो फारसा जाणवणार नाही, हे बार्थ स्वतःच सांगतो. असाईनमेंट लिहिताना हेच करा. समोर काय दिसतं ते आधी लिहून काढा, अर्थ मागाहून. आणि तो कोणाला लागतो, हे लिहायचं विसरू नका. बहुतेकांचे मार्क इथेच जातात.

‘लेखकाचा मृत्यू’ हा बार्थचा छोटासा निबंध जो तो उद्धृत करतो, पूर्ण वाचलेले थोडेच. (तोंडी परीक्षेत हे लगेच उघडं पडतं.) त्याची सुरुवात फ्रेंच कथाकार बाल्झाकच्या ‘सारासीन’ कथेतल्या एका वाक्यानं होते. याच कथेचे ५६१ तुकडे पाडून बार्थनं १९७०मध्ये ‘एस/झेड’ लिहिलं. ते अवघड आहे, घाईनं वाचू नका. मूळ कथा त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात छापलेली असते. ती आधी वाचा, मग पहिल्या पानाकडे या.