पिनकोडचे अवयव पाडा: सांगली ४१६४१६, सातारा ४१५००१

सहा अंकी संख्येचे मूळ अवयव वहीवर पाडता येतात. सरावाला सांगली आणि सातारा शहरांचे पिनकोड घ्या. एक चटकन सुटतो, दुसरा चांगलाच दमवतो.

आधी सांगली. ४१६४१६ मध्ये तेच तीन अंक दोनदा आलेत, म्हणजे ही संख्या ४१६ × १००१. त्यातले १००१ = ७ × ११ × १३ हे पाठच करून ठेवा. ४१६ ला २ ने पाचदा भाग जातो आणि १३ उरतात. उत्तर: २⁵ × ७ × ११ × १३². इथे गफलत होते ती १३ ची. तो दोन्हीकडून येतो, म्हणून एकत्र करून घातांक २ लिहायचा. एकूण विभाजक काढताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ६ × २ × २ × ३ = ७२. दोन १३ सुटे ठेवले तर ९६ येतात, कारण काही विभाजक दोनदा मोजले जातात.

आता सातारा. ४१५००१ विषम आहे, शेवटी ५ किंवा ० नाही, अंकांची बेरीज ११. म्हणून २, ३, ५ बाद. ७, ११, १३ एकदमच तपासा: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून वजाबाकी करा. ४१५ − १ = ४१४, आणि ४१४ ला तिघांपैकी कोणानेच भाग जात नाही. पुढे १७, १९, २३ असे भागत गेलात तर पहिला अवयव थेट ११२ व्या मूळ संख्येला सापडेल. नेमकी तिथली बाकी चुकली तर ‘ही संख्या मूळ आहे’ असा खोटा निकाल हाती येतो.

त्यापेक्षा सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत वापरा: संख्येपेक्षा मोठा वर्ग घ्यायचा, त्यातून संख्या वजा करायची आणि उरते ते पूर्ण वर्ग आहे का बघायचे. ६४४ चा वर्ग ४१४७३६, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा लहान; म्हणून ६४५ पासून सुरुवात. ६४ × ६५ = ४१६०, त्यापुढे २५ लिहिले की वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की उरतात १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग! पहिल्याच फटक्यात. अ² − ब² = (अ − ब)(अ + ब), इथे अ = ६४५ आणि ब = ३२, म्हणून अवयव ६१३ आणि ६७७. दोन्ही मूळ आहेत. २३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून खात्री करून घ्या.

वजाबाकी पूर्ण वर्ग आली नाही तर ६४६, ६४७ असे पुढे जायचे. तिचा एककाचा अंक २, ३, ७ किंवा ८ असेल तर वर्गमूळ काढत बसू नका, तो पूर्ण वर्ग नसतोच.

ही रीत चालते ती अवयव एकमेकांजवळ असतील तेव्हा. ३०३ = ३ × १०१ साठी १८ पासून निघून ५२ पर्यंत जावे लागते, म्हणून छोट्या मूळ संख्या आधी तपासायच्या. सम संख्येतले २ तर आधी काढाच: ४ ने भागून बाकी २ उरते अशी संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिताच येत नाही, आणि ही रीत कधीच थांबत नाही.