जागतिक प्रश्नांसाठी तरुणांना उभे करताना या चुका टाळा

खानदेशातील महाविद्यालयांत हवामानबदलावरचे व्याख्यान बहुधा वितळणाऱ्या हिमनगांपासून सुरू होते आणि पहिली चूक तिथेच घडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, यावल-रावेरकडच्या केळीबागा होरपळतात, बोअर अधिकाधिक खोल न्यावे लागतात. हे घरी सोसणाऱ्या मुलांसमोर प्रश्न इथूनच मांडावा आणि मग तो जगाशी जोडावा. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली स्वीकारलेली 17 शाश्वत विकास उद्दिष्टे पाठ करून घेतल्याने कोणी कामाला लागत नाही. त्यांतले पाण्याविषयीचे सहावे उद्दिष्ट गावच्या विहिरीच्या काठावर समजावून द्यावे.

5 जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, रोपे लावून छायाचित्रे काढणे ही तर आपल्याकडची रूढच झाली आहे. त्या सुमारास येथे पाऊस सहसा स्थिरावलेला नसतो, त्यामुळे रोपे करपतात. पुढच्या वर्षी मुले येत नाहीत आणि आयोजक त्यांनाच उदासीन ठरवून मोकळे होतात. खड्डे मेमध्ये घ्यावेत, लागवड दमदार पावसानंतर करावी आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे लागवडीआधीच नावानिशी ठरवावे.

पहिल्या महिन्यानंतर उपस्थिती घटली, तर आधी निर्णय कोण घेते ते तपासावे. सतरंज्या मुलांनी उचलायच्या आणि भाषणे वडीलधाऱ्यांनी करायची, अशी वाटणी असेल तर दोष मुलांचा नाही. त्यांना मोजता येईल असे काम द्यावे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्याच महिन्यांत गटाने गावातील निवडक विहिरी मोजाव्यात, आकडे चावडीवर लावावेत, आणि ज्यांची नावे मतदार यादीत आहेत त्यांनी ते ग्रामसभेत मांडून पंचायतीच्या विकास आराखड्यात कामाची मागणी नोंदवावी. निवेदन थेट मंत्रालयात पाठवण्याचा उत्साह बहुतेकदा पोचपावतीपाशीच थांबतो.

एका वर्षात फळ मागणेही चुकीचे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने काही दशके नियम पाळून जंगल राखले, तेव्हा कुठे 2025 साली या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे सहल न्यावी, पण जंगल दाखवण्यापेक्षा नियम कसे ठरले आणि ते मोडणाऱ्यांचे गावाने काय केले, हे मुलांना विचारू द्यायला अधिक वेळ ठेवावा.