कारखान्याशेजारच्या शाळेची तपासणी: या चुका टाळा

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात असो की जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीलगत, पालकसभेत प्रदूषण तपासायचा ठराव होतो, शाळेतल्या पाण्या-धुळीचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल येतो, "सर्व ठीक". तेवढ्यावर समाधान मानू नका. नमुनाच चुकला असेल तर अहवाल काय सांगणार?

पहिली चूक अर्जातच होते. "पाणी तपासून द्या" म्हटलं की प्रयोगशाळा सहसा पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, जिवाणू एवढंच तपासते. शिसं, आर्सेनिक यांसारख्या विषारी धातूंची चाचणी त्यात नसतेच. आधी शेजारी काय चालतं ते बघा. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, पारा असतो. बॅटऱ्यांच्या भंगारात शिसं. प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) कामात क्रोमियम आणि निकेल. हव्या त्या धातूचं नाव अर्जात लिहून द्या.

मे महिन्याच्या सुट्टीत नमुने घेणं सोयीचं, पण फसवं. वर्ग बंद, पोरांची ये-जा नाही. त्याहून वाईट म्हणजे साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी शाळा धुऊन काढणं. अहो, ती धूळच तर पुरावा! हिवाळ्यात सकाळी वरच्या उबदार हवेच्या थराखाली धूर जमिनीलगत अडकतो, तेव्हा शाळा भरलेली असताना हवा मोजा. पावसाळ्यातल्या एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका.

धुळीसाठी पंख्याची पाती पुसू नका. तिथे वर्षानुवर्षांचा थर असतो. फरशी आणि खिडकीचा कट्टा, म्हणजे मुलांचे हात लागतात त्या जागा घ्या. क्षेत्र मोजून पुसा, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही. एक न वापरलेला पुसकागदही सोबत पाठवा, म्हणजे कागदातच धातू नाही ना ते कळेल. मैदानावरची माती वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचीच हवी. पत्र्यावरची राख पागोळ्यांखाली साचते, तिथला नमुना वेगळा बांधा.

पाणी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका. धातूंसाठी प्रयोगशाळेकडूनच नायट्रिक आम्ल घातलेली बाटली मागा. सकाळी नळाचं पहिलं पाणी पाइप आणि तोटीबद्दल सांगतं; बोअरबद्दल जाणायचं तर पंप थोडा वेळ चालवून तिथूनच भरा.

अहवालात "बीडीएल" (बिलो डिटेक्शन लिमिट) दिसलं की लोक सुटकेचा श्वास सोडतात. त्याचा अर्थ एवढाच, की त्या यंत्राच्या मोजमाप-मर्यादेखाली. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम. यंत्राला 0.05 च्या खालचं दिसतच नसेल, तर तिप्पट शिसंही "आढळलं नाही" ठरेल. ती मर्यादा आधीच विचारा. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता त्याच चाचणीला आहे का, तेही बघा.

शिसं सापडलं की लगेच कारखान्यावर बोट ठेवू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. जुन्या दारा-खिडक्यांचे पोपडे तेवढेच दोषी असू शकतात. दूरच्या, तितक्याच जुन्या शाळेतला नमुना सोबत तपासला, तरच प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे तुमची तक्रार टिकेल. तोवर वर्गात कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्यानेच पुसा.