पहिली कादंबरी प्रकाशकाकडे देताना

कादंबरी हातावेगळी झाली की लगेच पुण्यातला पुस्तकांचा अप्पा बळवंत चौक गाठू नका. आधी प्रकाशकाची यादी चाळा. तुमच्या लेखनाच्या जातकुळीचं काही तो छापतो का? मग पानभर सारांश आणि युनिकोडमधली सुरुवातीची प्रकरणं पाठवा.

खरी कसोटी कराराची. नव्या लेखकांना मी कळकळीने सांगते, सही करण्याआधी मुदतीची ओळ शोधा. मुदत लिहिलेलीच नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क ५ वर्षांपुरतेच दिले असं धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलं असेल, तर ते खोडून वर्षं लिहायला लावा. ऑडिओ, अनुवाद, सिनेमा यांचे हक्क वेगळे ठेवा. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेवर, तेही विचारा. प्रदर्शनात पुस्तक सवलतीत गेलं की फरक तिथेच पडतो.